माळव्याच्या उन्हात काळी मिरी : वाचकांचे प्रश्न

सुट्टीत कोकणात किंवा केरळात जाऊन आलेली मंडळी मिरीचं रोप घेऊन येतात आणि पाऊस सुरू झाला की त्याबद्दलची पत्रं सुरू होतात. या वेळची बहुतेक पत्रं इंदूरची आहेत. एक ग्वाल्हेरचं आहे, एक वडोदऱ्याचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या रोपवाटिकेतून मिरीचं रोप आणलं. गच्चीत आठ इंची कुंडीत आहे. सुतळीवरून सहा फूट वर गेलं, पण एकही तुरा नाही. एप्रिल लागला की पानांच्या कडा करपतात. पाणी सकाळ-संध्याकाळ घालते. काय चुकतंय? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी तुऱ्याची.

मिरीला तीन तऱ्हेच्या फांद्या येतात. बुडातून फुटून जमिनीवर पळणाऱ्या धावत्या फांद्यांची पेरं लांब लांब असतात. झाडावर चढणाऱ्या मुख्य खोडाच्या प्रत्येक पेराला हवाई मुळं असतात आणि त्यांनी ते साल धरून ठेवतं. या खोडाच्या पेरांतून आडव्या निघतात त्या फळफांद्या. त्यांना हवाई मुळं नसतात, आणि तुरे येतात ते फक्त त्यांनाच. रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक रोपं धावत्या फांद्यांची असतात, कारण त्या फांद्या भरपूर मिळतात आणि चटकन मूळ धरतात. अशा रोपाला आधी चढायचं असतं, मग आडवं फुटायचं असतं. जमिनीत, चांगल्या आधारावरसुद्धा त्यात तीन वर्षं जातात. तुमच्या वेलाला सुतळीवर मुळं रोवायला जागाच नाही, म्हणून तो नुसता लांबतो आहे. चार इंची पाइपाला नारळाचा काथ्या घट्ट गुंडाळा, कुंडीत मधोमध रोवा, वेल प्रत्येक पेराशी त्याला बांधा आणि काथ्या रोज ओला करा. मुळांनी काथ्या धरला की फळफांद्या फुटायला लागतील. कुंडी मात्र निदान सोळा इंची हवी. एवढा खटाटोप नको असेल तर पुढच्या उत्तरातली झुडपी मिरी बघा. शहरातल्या घरासाठी आम्हाला तीच पसंत आहे.

आता पानं. मे महिन्यात दुपारी इंदूरची हवा इतकी कोरडी असते की पानातून पाणी जितक्या वेगानं उडतं तितक्या वेगानं मूळ ते वर पाठवू शकत नाही. कुंडीत चिखल केला तरी हे गणित बदलत नाही. उलट चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पान आणखी मलूल होतं आणि ते बघून आपण आणखी पाणी घालतो. इकडे मिरीची रोपं बहुधा अशीच जातात. म्हणून पाणी एकदाच, सकाळी, आणि बोट दोन पेरं मातीत घालून वरचा थर कोरडा लागला तरच. बाकीचे उपाय हवेवर आणि मुळांच्या गारव्यावर करायचे. पश्चिमेला आणि दक्षिणेला हिरवं जाळं, एरवी ५० टक्क्यांचं, १ एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत ७५ टक्क्यांचं. कुंडी तापलेल्या लादीवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या फटीत वाळू भरा आणि ती वाळू ओली ठेवा. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडत राहतं आणि आतली मुळं गार राहतात.

कुलरजवळ कुंडी ठेवावी का, असंही विचारलं आहे. खिडकीबाहेर कुलरच्या मागच्या बाजूला ठेवून काही फायदा नाही. तिथे तो बाहेरचीच कोरडी हवा ओढत असतो. आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना कधीच घालू नका. पाणी उडून गेलेलं असतं, क्षार सगळे मागे राहिलेले असतात.

प्रश्न : झुडपी मिरी म्हणजे वेगळी जात का? ती घरी तयार करता येते का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : जात तीच. मुख्य खोडाऐवजी फळफांदीला मुळं आणली की ती चढायचं विसरते, दोन-तीन फुटांचं झुडूप होतं आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तुरे धरते. धावत्या फांदीपेक्षा ती मूळ धरायला हट्टी आहे, म्हणून दहा लावून निम्म्या जगल्या तरी चांगलं समजायचं.

इंदुरात यासाठी जुलै-ऑगस्ट बरा, तेव्हाच हवेत ओल असते. फळं धरणाऱ्या वेलावरची मागच्या वर्षीची फळफांदी निवडा. अगदी कोवळी हिरवी नको, पार लाकूड झालेलीही नको. तीन ते पाच पेरांची फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथल्या फुगीर सांध्याजवळ धारदार पात्यानं कापा. शेंड्याचं एक पान ठेवा, तेही मोठं असेल तर अर्धं कापा. बाकीची काढून टाका. खालचं टोक १००० पीपीएम आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) असलेल्या मूळ-पावडरीत बुडवून जास्तीची पावडर झटका. आता पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी घ्या. तिचा तळाचा एक तृतीयांश भाग ओल्या कोकोपीटनं भरा. ओलं म्हणजे मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा इतकंच. खालची दोन पेरं आत जातील अशा फांद्या खोचा, पिशवीत तोंडानं हवा फुंकून ती फुगवा आणि तोंड घट्ट बांधा. ही पिशवी उजेड येईल पण ऊन अजिबात लागणार नाही अशा जागी टांगायची आणि उघडायची नाही. महिना-सव्वा महिन्यात पिशवीच्या कडेनं पांढरी मुळं दिसतात. पिशवी एकदम फाडली तर पानं तासाभरात माना टाकतात. आधी दोन भोकं, दोन दिवसांनी आणखी चार, असं करत आठवडाभरात बाहेरच्या हवेची सवय करा, मग लहान कुंडीत हलवा.

कायमच्या कुंडीचा आकार बारा ते चौदा इंच. मिश्रण लाल माती दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. त्यात एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगांच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. माळव्याची काळी माती चिमूटभरही नको. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, आणि तिच्यात चुनखडी असते. मिरीला ५.५ ते ६.५ सामूची (पीएचची) माती लागते. आणलेली ‘लाल माती’ खरंच चालेल का, ते बघायला चमचाभर माती बशीत घेऊन वरून व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, परत करा.

खत म्हणून दर दोन महिन्यांनी ३० ग्रॅम भुईमूग पेंड आणि १५ ग्रॅम निंबोळी पेंड, पण कडक थंडीत आणि मे महिन्यात नाही. पेंड मातीत मिसळा. वर तशीच टाकली तर मुंग्या येतात आणि उंदीरही.

प्रश्न : स्वयंपाकघरातले मिरे पेरले, दोन महिन्यांत काहीच उगवलं नाही. (नारायण बाग, इंदूर)

उत्तर : उगवणार नाहीत. बाजारातली काळी मिरी पिकण्याआधीच तोडलेली, बहुधा उकळत्या पाण्यातून काढलेली आणि खडखडीत वाळवलेली असते. लाल पिकलेला दाणा साल चोळून काढून ताजाच पेरला तर उगवतो, पण त्या रोपाला फळ धरायला पुष्कळ वर्षं लागतात आणि त्याचा गुण मूळ वेलासारखा निघेलच असं नाही.

प्रश्न : नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो. पाणी बोअरिंगचं आहे. (विजयनगर, इंदूर)

उत्तर : पांढऱ्या थरानंच उत्तर दिलं आहे. बोअरिंगच्या जड पाण्यानं माती हळूहळू अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. जुनी पानं हिरवी आणि नवी पिवळी, ही लोहाच्या कमतरतेची खूण. उलट जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे किंवा मुळांकडे बघायचं.

तात्पुरता उपाय : एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबूफूल, गाळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. आधीची पिवळी पानं पूर्ण सुधारली नाहीत तरी चालेल, पुढचं पान हिरवं आलं पाहिजे. फवारा लादीवर किंवा कपड्यांवर पडला तर गंजासारखे डाग जात नाहीत.

कायमचा उपाय पाणी बदलणं हाच. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते रोजचं रोज वापरा. आरओचं टाकाऊ पाणी मात्र बोअरिंगपेक्षाही वाईट. पावसाळ्यात एकदा कुंडी उघड्यावर ठेवून सलग दोन-तीन सरी तिच्यातून वाहून जाऊ द्या, बराच क्षार निघून जातो.

प्रश्न : झुडपी मिरीला जुलैत भरपूर तुरे येतात, पण बहुतेक गळतात. राहिलेल्यांत दाणे विरळ, मधेमधे रिकामे. कुंडी छत असलेल्या गॅलरीत आहे. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : छत हेच कारण असावं. मिरीच्या लागवडीच्या जातींत बहुतेक फुलं द्विलिंगी असतात आणि परागकण पसरायला पावसाचे थेंब मोठी मदत करतात. तुरा खाली लोंबतो, वरच्या फुलांतले परागकण ओघळणाऱ्या पाण्याबरोबर खालच्या फुलांवर येतात. तुमच्या गॅलरीत पाऊसच नाही. तुरा एक-दोन इंचांचा झाला की कुंडी पावसात ठेवा. जमत नसेल तर सकाळी स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा तुऱ्यांवर मारा. पाणी थेंबथेंब उतरलं पाहिजे, झोतानं तुरे तुटतात.

गळण्याचं दुसरं कारण म्हणजे पावसाची उघडीप. माळव्यात ऑगस्टमध्ये कधीकधी आठ-दहा दिवस पाऊस दडी मारतो. पावसाळा आहे म्हणून आपण पाणी घालत नाही, आणि छताखालची कुंडी तर तोपर्यंत पार वाळलेली असते. तुरे आल्यापासून दाणे मटारच्या निम्म्याएवढे होईपर्यंत माती एकदाही पूर्ण वाळू देऊ नका.

तिसरं, उजेड. पन्नियूर-१ ही केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या पन्नियूर केंद्राची संकरित जात. तिचे तुरे लांब आणि दाणे टपोरे असतात म्हणून सगळे तीच मागतात, पण दाट सावलीत ती रुसते. गॅलरीत अर्धाच उजेड असेल तर करीमुंडा ही जुनी जात जास्त समजूतदार आहे.

प्रश्न : सततच्या पावसात पानांवर काळे, कडेला झालरीसारखे पसरणारे डाग आले आणि आठवड्यात अख्खं रोप माना टाकून गेलं. (स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : हा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा मर रोग. मिरीचा सगळ्यात मोठा शत्रू. खोडाच्या बुडाशी काळं पडलं की रोप वाचत नाही. ते मातीसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका, आणि कुंडी घासून उन्हात तापवल्याशिवाय वापरू नका.

दुसऱ्या रोपांना वाचवायचं तर पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना आधी थोड्या पाण्यात विझवून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओता. घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, पानं जळतील. आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. बोर्डोनंतर महिनाभर तरी ट्रायकोडर्मा घालू नका, तीही बुरशीच आहे, मरेल.

कुंडीखाली बशी ठेवत असाल तर पावसाळ्यात काढा. मातीला टेकणारी पानं आणि धावत्या फांद्या छाटा, कारण रोग उसळणाऱ्या मातीच्या थेंबांतून वर चढतो.

कोलुब्रिनम या मिरीच्या रानटी भाऊबंदाच्या खुंटावर कलम केलेली मिरी या रोगाला दाद देत नाही, हे खरं. पण तो खुंट दक्षिण अमेरिकेतल्या पाणथळ जागेतला आहे. त्याला तहान सोसत नाही, आणि काही वर्षांनी कलमाचा जोड फाटण्याची तक्रारही असते. मे महिन्यात चार दिवस घर बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांनी ते कलम घेऊ नये. घेतलंच तर जोडाखालून फुटणारे मोठ्या पानांचे कोंब वेळीच मोडा, नाहीतर मिरी मरते आणि खुंट फोफावतो.

प्रश्न : ग्वाल्हेरला मिरी जगेल का? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : जगवता येईल, पण लाड पुरवावे लागतील. इंदूरपेक्षा तुमचा उन्हाळा कडक, आणि हिवाळा तर मिरीला मुळीच मानवणारा नाही. पारा दहाच्या खाली गेला की पानं काळपट पडून गळतात. जमिनीत लावू नका, कुंडीच ठेवा. दिवाळीनंतर खत बंद, पाणी निम्मं. डिसेंबर-जानेवारीत कुंडी दक्षिणेच्या खिडकीशी घरात, रात्री वरून प्लास्टिकची पिशवी, सकाळी ती काढायची. हीटरजवळ नको. पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या तरी टाकून देऊ नका. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर मार्चमध्ये फुटेल. घरचा मसालाच हवा असेल तर ग्वाल्हेरसाठी आम्ही हळद सुचवू. थंडीत तिचं पान वाळतं, कंद जमिनीत झोपून राहतो.

प्रश्न : कंपाउंडमध्ये आसोपालव आणि जुना आंबा आहे. मिरी कशावर चढवावी? (वडोदरा)

उत्तर : आंब्यावर. आसोपालवाच्या लोंबत्या पानांआड खोडाला उजेडच मिळत नाही. आंब्याची साल खरबरीत असते आणि ती पेरूसारखी सोलून पडत नाही, म्हणून वेलाची पकड टिकते. वडोदऱ्याचा हिवाळा सौम्य आहे, तेव्हा तुम्ही सरळ धावत्या फांदीचं रोप जमिनीत लावा. झुडपी मिरीची गरज नाही.

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की खोडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला, बुंध्यापासून एक फूट सोडून, दीड-दीड फुटाचा खड्डा घ्या. पाच-सहा किलो शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि माती. रोप लावल्यावर भोवतालची माती जमिनीपेक्षा चार बोटं उंच राहिली पाहिजे. तुमच्याकडे एका रात्रीत गुडघाभर पाणी साचतं ते दिवस आठवा. दोन रोपं लावा, प्रत्येक पेर सुतळीनं सैल बांधा. आंब्याच्या खालच्या एक-दोन फांद्या छाटल्या तर खोडावर कवडसे पडतील, तेवढा उजेड पुरे. वेल शिडीच्या उंचीवर गेला की शेंडा मारा, नाहीतर मिरी पक्ष्यांची.

एक अडचण आधीच सांगतो. मिरीला हिवाळ्यात पाणी लागतं आणि आंब्याला मोहर येण्याआधी पाण्याचा ताण हवा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बुंध्याशी पाट सोडलात तर आंबा मोहराऐवजी पालवी काढेल. त्या दोन महिन्यांत मिरीच्या आळ्यातच, चार-पाच दिवसांनी बादलीभर पाणी द्या आणि वर वाळल्या पानांचा जाड थर ठेवा.

प्रश्न : नर्सरीतून वेलदोड्याचं झाड आणलं. पाच फूट झालं, पान चुरगळलं की सुंदर वास येतो. वेलदोडे कधी लागतील? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तो वेलदोडा नसण्याचीच शक्यता जास्त. त्या नावानं सर्रास अल्पिनिया हे त्याच कुळातलं शोभेचं झाड विकतात. फूल आलं की ओळख पटते : अल्पिनियाचा तुरा फांदीच्या शेंड्याला येतो, वेलदोड्याचा बुडातून फुटून जमिनीलगत पसरतो. आणि समजा खरा वेलदोडा मिळाला, तरी त्याला सह्याद्रीच्या माथ्यावरची सावली, ओल आणि मोजकाच उन्हाळा लागतो. इंदुरात पानं येतील, फळ धरणार नाही. शोभेचं म्हणून ठेवा.

प्रश्न : मिरीचे घोस हिरवेगार आहेत. कधी तोडायचे आणि काळी मिरी कशी करायची? (मनोरमागंज, इंदूर)

उत्तर : तुरा आल्यापासून सहा ते आठ महिने लागतात, म्हणजे आपल्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारी. घोसातला एखाद-दुसरा दाणा नारिंगी झाला की अख्खा घोस तोडा. सगळे लाल व्हायची वाट पाहिलीत तर बुलबुल आधी पोचतात.

दाणे हातानं चोळून सोडवा, सुती कापडात सैल बांधा आणि पुरचुंडी उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून काढा. यानं दाणे एकसारखे काळे होतात आणि लवकर वाळतात. मग स्वच्छ चादरीवर एका थरात पसरून उन्हात ठेवा, संध्याकाळी आत घ्या. कोकणातल्यापेक्षा इथलं जानेवारीचं ऊन या कामाला बरं, हवा कोरडी असल्यानं तीन-चार दिवसांत काम होतं. दाणा दाताखाली कुडकुडीत फुटला पाहिजे. दबला तर आणखी एक दिवस. १०० ग्रॅम हिरव्या दाण्यांची साधारण ३३ ग्रॅम काळी मिरी होते, तेव्हा एका कुंडीतून वर्षाचा डबा भरेल असं धरू नका.

पांढऱ्या मिरीसाठी मात्र लाल पिकलेलेच दाणे हवेत. ते सात-आठ दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, साल चोळून काढा आणि वाळवा. भांडं स्वयंपाकघरात ठेवू नका, तिसऱ्या दिवसापासून वास घरभर होतो.